उंदराच्या नाकातली वीज

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे भाताचे तालुके. नीरा, वेळवंडी, गुंजवणी यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरे दिसतात. दसऱ्याच्या सुमारास लोंब्यांत दाणा भरू लागतो आणि त्याच वेळी बांधांवर ताज्या मातीचे लहान ढीग दिसू लागतात. ते लहान घुशीच्या बिळाचे तोंड असते. ही घूस दाणे नुसती खात नाही, लोंब्या तोडून बिळात साठवते. बीळ खणले की आत धान्याचा साठा सापडतो, हे इथल्या कातकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

शेतकरी यावर वर्षानुवर्षे एक उपाय करीत आले आहेत. धान्याचा भरडा, थोडे तेल आणि झिंक फॉस्फाइड यांचे आमिष बिळांपाशी ठेवायचे. पहिल्या रात्री बरेच उंदीर मरतात. पुढच्या रात्री थोडे मरतात. नंतर आमिष जसेच्या तसे पडून राहते. असे का होते, हे विचाराल तर दोन उत्तरे मिळतात. पहिले, ‘उंदराला विषाचा वास येतो.’ दुसरे, ‘मेलेल्या उंदराच्या वासावरून बाकीचे शहाणे होतात.’ वर्गात हा विषय निघाला तर विद्यार्थीही हीच दोन उत्तरे देतील.

दोन्ही उत्तरे उंदराच्या नाकाविषयी आहेत, म्हणजे ती तपासून पाहता येतील. पण उंदराला विचारायचे कसे? मार्ग दोन आहेत. उंदीर काय करतो ते पाहायचे, किंवा त्याच्या नाकातील पेशी मेंदूला काय कळवतात ते मध्येच ऐकायचे. पेशींची भाषा विजेची असल्यामुळे दुसरा मार्ग शक्य झाला आहे. या लेखात मुख्यतः त्याचा विचार करू आणि शेवटी त्या दोन उत्तरांकडे परत येऊ.

आधी एक खुलासा. मराठीत ‘उंदीर’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रयोगशाळेत दोन वेगळ्या जाती असतात. मोठा तो रॅट, तळहातावर मावणारा तो माऊस. हे दोन्ही आणि घूस, खार, साळिंदर हे सर्व कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातले. चिचुंद्री मात्र दिसायला उंदरासारखी असली तरी कृंतक नाही. पुढे मोठ्या जातीला ‘रॅट’ आणि लहान जातीला ‘माऊस’ असेच म्हणू.

नाकाच्या छतावर

आपण श्वास घेतो तेव्हा हवा नाकाच्या मागच्या, वरच्या भागातील एका पिवळसर पडद्यावरून जाते. या घ्राणपटलात घ्राणपेशी दाटीने बसलेल्या असतात. कृंतकांत हा पडदा पुंगळीसारख्या वळलेल्या हाडांवर पसरलेला असतो. त्यामुळे छोट्याशा नाकात पुष्कळ क्षेत्रफळ मावते. माऊसच्या नाकात घ्राणपेशींची संख्या लाखांत मोजावी लागते.

घ्राणपेशी ही एक चेतापेशी आहे. तिच्या एका टोकाला बारीक केसांसारख्या पक्ष्माभिकांचा झुबका असतो. तो नाकातील पातळ शेंबडात पसरलेला असतो. दुसऱ्या टोकापासून एक अतिशय बारीक तंतू निघतो आणि कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूच्या पुढच्या भागात, घ्राणकंदात, पोहोचतो. म्हणजे या पेशीचे एक टोक बाहेरच्या हवेशी जवळजवळ भिडलेले असते आणि दुसरे मेंदूत असते. अशा उघड्यावरच्या पेशी लवकर झिजतात. म्हणूनच घ्राणपटलात जन्मभर नव्या घ्राणपेशी तयार होत राहतात. बहुतेक चेतापेशींच्या बाबतीत असे घडत नाही.

पेशी नावाची बॅटरी

प्रत्येक चेतापेशी ही एक छोटी बॅटरी असते. पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन जास्त आणि बाहेर सोडियमचे आयन जास्त असतात. मधल्या पातळ पटलामुळे आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सुमारे ६० मिलिव्होल्टचा फरक राहतो, आतली बाजू ऋण. विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट असतो. त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा हा दाब. पण तो ज्या पटलावर असतो त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी असते.

आता गंधाचा एखादा रेणू पक्ष्माभिकेवर आला असे समजा. तेथे त्याला सामावून घेणारे ग्राही प्रथिन असेल, तर तो त्यात क्षणभर बसतो. या घटनेची वर्दी पेशीच्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाते आणि सायक्लिक एएमपी नावाचे रेणू तयार होतात. ते पटलातील आयनांच्या वाहिन्या उघडतात. १९८७ मध्ये नाकामुरा आणि गोल्ड यांनी घ्राणपेशींच्या पक्ष्माभिकांत अशा वाहिन्या असल्याचे विद्युत मापनाने दाखवून दिले. वाहिन्या उघडल्या की सोडियम व कॅल्शियमचे धन आयन आत शिरतात. आत आलेले कॅल्शियम आणखी एका प्रकारच्या वाहिन्या उघडते आणि त्यांतून क्लोराइडचे ऋण आयन बाहेर पडतात. परिणाम एकच, आतली बाजू कमी ऋण होते. हा बदल ठरावीक मर्यादा ओलांडतो तेव्हा पेशी एक स्पंद सोडते. हा स्पंद सुमारे १०० मिलिव्होल्टचा असतो आणि एक-दोन सहस्रांश सेकंद टिकतो. तो तंतूवरून धावत मेंदूत जातो.

येथे दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम उपयोगी पडतो. घ्राणपेशी इतकी लहान असते की तिच्या पटलाचा विद्युतरोध प्रचंड, काही गिगाओहम असतो. तो ५ गिगाओहम, म्हणजे ५ × १०⁹ ओहम धरू. वाहिन्यांतून अवघा ३ पिकोअँपिअर, म्हणजे ३ × १०⁻¹² अँपिअर प्रवाह वाहिला, तर पटलावरील दाब किती बदलेल? गुणाकार करा. उत्तर १५ मिलिव्होल्ट येईल. स्पंद सुटायला इतका बदल पुरेसा होऊ शकतो. म्हणजे मोजक्या वाहिन्या उघडल्या तरी पेशी मेंदूला वर्दी देते.

नाक किती तरबेज असते, याची कल्पना भोर-वेल्ह्याच्याच एका उदाहरणावरून येईल. आंबेमोहोराचा भात शिजत असताना येणारा घमघमाट आपल्या परिचयाचा आहे. आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निघालेल्या इंद्रायणीलाही तो वास आहे. या वासातला प्रमुख रेणू म्हणजे २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. अमेरिकेतील बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत सुवासिक तांदळांतून तो ओळखून काढला. एक कोटी लिटर पाण्यात तो एक ग्रॅम मिसळला, तरी माणसाच्या नाकाला त्याचा सुगावा लागू शकतो. आणि वासाच्या बाबतीत आपण रॅटच्या मागे आहोत, असेच सामान्यतः मानले जाते.

गलका आणि आवाज

एवढ्याशा पेशीची वीज टिपायची कशी? मुख्य पद्धती तीन आहेत. जत्रेचे उदाहरण घेतले तर त्या चटकन लक्षात येतील.

गावाबाहेर उभे राहिले की जत्रेचा गलका ऐकू येतो. कोण काय बोलतो ते कळत नाही, पण गर्दी वाढली की कमी झाली ते कळते. घ्राणपटलाच्या पृष्ठभागावर विद्युतअग्र ठेवले की असाच हजारो पेशींचा एकत्रित गलका मिळतो. स्वीडनचे ऑटोसन यांनी १९५६ मध्ये बेडकाच्या नाकावर हे प्रयोग केले आणि या आलेखाला इलेक्ट्रो-ऑल्फॅक्टोग्राम हे नाव दिले. आपण त्याला घ्राणविद्युतालेख म्हणू. वासाची फुंकर घातली की आलेख झपकन खाली जातो आणि काही सेकंदांत सावकाश मूळ पातळीवर येतो. तो खाली, म्हणजे ऋण बाजूकडे का जातो? कारण धन विद्युतभार पेशींच्या आत शिरतात आणि बाहेर, जेथे आपले विद्युतअग्र आहे, तेथे त्यांची उणीव पडते.

दुसरी पद्धत म्हणजे जत्रेत शिरून एखाद्याच माणसाशेजारी उभे राहणे. अतिशय बारीक टोकाचे विद्युतअग्र एका पेशीला अगदी लागून ठेवले, की तिचे स्पंद सुटे सुटे मोजता येतात. घ्राणपेशी लहान आणि एकमेकींना चिकटून असल्यामुळे हे काम फार जिकिरीचे आहे. गेस्टलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात ते बेडकात साधले. जिवंत, भूल दिलेल्या रॅटच्या घ्राणपेशींच्या अशा सविस्तर नोंदी फ्रान्समधील लियाँ येथील दुशां-व्हिरे आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केल्या.

तिसरी पद्धत म्हणजे त्या माणसाच्या तोंडालाच कान लावणे. जर्मनीत नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये पॅच क्लॅम्पचे तंत्र शोधले. काचेच्या नळीचे जेमतेम एक सहस्रांश मिलिमीटरचे टोक पेशीच्या पटलाला चिकटवायचे आणि हलकेच चोखून घेऊन सील करायचे. मग त्या ठिगळातील एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाहसुद्धा मोजता येतो. या कामाला १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मघाच्या गणितातील गिगाओहम आणि पिकोअँपिअर हे आकडे मोजता आले ते या तंत्रामुळे.

कोरी हवा आणि तारेचा पिंजरा

आता गलक्याच्या प्रयोगाची मांडणी पाहू. माऊसवरील अशा प्रयोगात बहुधा प्राण्याला आधी वेदनारहित मृत्यू देतात आणि डोके मध्यावर उभे छेदून घ्राणपटल उघडे करतात. त्यावर ओलसर हवेचा मंद झोत सतत सोडतात. काचेची नळी तापवून, ओढून बारीक करतात, तिच्यात मिठाचे पाणी भरतात आणि आत क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार घालतात. हे झाले विद्युतअग्र. ते पटलावर टेकवतात. वासाचा द्रव एका बंद कुपीत असतो. त्यावर जमलेल्या वाफेची सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी फुंकर झोतात सोडतात. मिळणारा संकेत फार तर काही मिलिव्होल्टचा, म्हणून तो विवर्धकातून कित्येक पटींनी वाढवून संगणकाच्या पडद्यावर उमटवतात.

नवख्याची फसगत होते ती येथेच. उमेदवारीच्या दिवसांत मला एकदा फार सुबक, नियमित लाट मिळाली होती. वास बदलला तरी लाट तीच. वास बंद केला तरी तीच! दोन लाटांमधील अंतर मोजले तर ते २० सहस्रांश सेकंद भरले. सेकंदाला ५० लाटा म्हणजे घराघरांत येणारी महावितरणची वीज. मी उंदराचे नाक मोजत नव्हतो, डोक्यावरच्या दिव्याची वीज मोजत होतो. म्हणूनच सर्व मांडणी तारेच्या जाळीच्या, जमिनीशी जोडलेल्या पिंजऱ्यात ठेवतात. बाहेरची वीज त्या जाळीवरच अडते.

दुसरी खबरदारी याहून महत्त्वाची आहे. वासाच्या फुंकरीआधी आणि नंतर कोऱ्या हवेची तेवढीच फुंकर द्यायची. हे केवळ शिस्त म्हणून नव्हे. अमेरिकेतील मिंगहॉंग मा यांच्या गटाने २००७ मध्ये दाखविले, की माऊसच्या अनेक घ्राणपेशी वास नसलेल्या नुसत्या हवेच्या दाबालाही प्रतिसाद देतात. कोऱ्या हवेची नोंद घेतली नसती, तर तो प्रतिसाद वासाच्या खात्यावर जमा झाला असता. विज्ञानात ‘काहीच न दिल्यावर काय झाले’ ही नोंद ‘काही दिल्यावर काय झाले’ या नोंदीइतकीच मोलाची असते. विद्यार्थ्यांच्या मनावर हे ठसवायला हवे.

एका वासाला अनेक पेशी

या नोंदींतून कळले काय? ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ एड्रियन यांनी १९४० ते १९५० च्या काळात साळू आणि ससा यांच्या घ्राणकंदावर विद्युतअग्रे ठेवली. (साळू म्हणजे काटेरी अंगाचा छोटा प्राणी. तो आणि ससा दोघेही कृंतक नव्हेत.) निरनिराळ्या वासांनी कंदाचे निरनिराळे भाग जागे होतात, असे त्यांना दिसले. मग एकेका पेशीच्या नोंदी आल्या. आंब्याच्या वासाची एक पेशी, लसणाच्या वासाची दुसरी, असे काही आढळेल अशी एक अपेक्षा होती. बेडकात आणि रॅटमध्ये दिसले ते वेगळेच. एकच पेशी बऱ्याच वेगवेगळ्या रेणूंना प्रतिसाद देत होती आणि एकच रेणू बऱ्याच वेगवेगळ्या पेशींना जागे करीत होता.

याचे मर्म १९९१ नंतर उलगडले. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी रॅटमध्ये गंधग्राही प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधले. २००४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. माऊसमध्ये अशी कार्यक्षम जनुके हजाराच्या वर आहेत, माणसात सुमारे ४००. एका घ्राणपेशीत सामान्यतः यांपैकी एकाच प्रकारचे ग्राही प्रथिन असते. एका प्रकारच्या सर्व पेशींचे तंतू घ्राणकंदातील ठरावीक गुच्छांत एकत्र येतात.

पण अमुक जनुकाचे प्रथिन अमुक रेणू ओळखते, याचा पुरावा काय? येथे घ्राणविद्युतालेख कामी आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्टुअर्ट फायरस्टीन यांच्या गटाने १९९८ मध्ये रॅटच्या एका ग्राहीचे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत रॅटच्याच नाकातील पुष्कळशा पेशींत घातले. मग अनेक वासांच्या फुंकरी दिल्या. बहुतेक वासांचे आलेख पूर्वीसारखेच आले. ऑक्टॅनल आणि त्याच्या जवळच्या काही अल्डिहाइडांचे आलेख मात्र स्पष्टपणे मोठे आले. जत्रेतील एकाच प्रकारच्या माणसांची संख्या वाढवली आणि कोणत्या हाकेला गलका वाढतो ते पाहिले, असा हा सरळ प्रयोग.

या सगळ्याचा अर्थ असा, की वास हा एका घंटीचा नाद नसून पेटीवर एकाच वेळी दाबलेल्या अनेक पट्ट्यांचा मेळ आहे. मोजक्या मुळाक्षरांतून अगणित शब्द होतात, तसे काहीशे ग्राहींच्या निरनिराळ्या मेळांतून असंख्य वास ओळखता येतात. आणि शब्दाप्रमाणेच वासालाही मुळात अर्थ नसतो, तो शिकावा लागतो. आंबेमोहोराला सुवास देणारा तोच रेणू वाघ आपल्या हद्दीची खूण करण्यासाठी जो द्राव फवारतो त्यातही असतो, हे कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवून दिले. रेणू एकच, पण शेतकऱ्याला त्यातून भात कळतो आणि दुसऱ्या वाघाला शेजारी.

जोडीदाराच्या श्वासातला संदेश

‘वासाला मुळात अर्थ नसतो’ या विधानाला अपवाद मात्र आहेत आणि त्यांतला एक आपल्या खाचराशी संबंधित आहे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांनी १९८० नंतरच्या दशकात रॅटवर एक साधा प्रयोग केला. एका रॅटला विशिष्ट मसाल्याचा वास असलेले अन्न खाऊ घातले आणि मग त्याला दुसऱ्या, ते अन्न कधीही न पाहिलेल्या रॅटच्या सहवासात सोडले. दुसऱ्याने त्याचे तोंड हुंगले. नंतर दुसऱ्यासमोर दोन अनोळखी खाद्ये ठेवली. त्याने जोडीदाराने खाल्लेलेच पसंत केले. रॅट नव्या खाद्याला फार बिचकतात. दुसऱ्याच्या तोंडाचा वास ही त्यांना ‘हे खाल्ले जाते’ अशी खात्री वाटते. ही खात्री नुसत्या मसाल्याच्या वासाने होत नाही. रॅटच्या श्वासात कार्बन डायसल्फाइड अत्यल्प प्रमाणात असतो. खाद्याचा वास आणि हा वायू एकत्र आले की खात्री पटते, असे १९८८ मध्ये दिसून आले.

हा वायू नाकात कोण ओळखते? २०१० मध्ये स्टीव्हन मंगर आणि सहकाऱ्यांनी विद्युत नोंदी घेऊन याचे उत्तर दिले. माऊसच्या घ्राणपटलात थोड्याशा पेशी नेहमीच्या घ्राणपेशींहून निराळ्या असतात. त्यांची आतली वर्दीची साखळीही सायक्लिक एएमपीची नसून सायक्लिक जीएमपीची असते. या पेशी कार्बन डायसल्फाइडला अगदी कमी प्रमाणातही विद्युत प्रतिसाद देत होत्या. ज्या माऊसमधून त्या साखळीतील एक आवश्यक जनुक काढून टाकले होते, त्यांच्यात हा प्रतिसाद आढळला नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, ते माऊस जोडीदाराकडून खाद्याची पसंती शिकूही शकले नाहीत. पेशीतील वीज आणि प्राण्याचे वागणे यांची सांगड येथे स्पष्टपणे जुळली.

आता सुरुवातीच्या दोन उत्तरांकडे वळू. पहिले उत्तर होते, विषाचा वास येतो. झिंक फॉस्फाइडला लसणासारखा वास असतो, हे खरे. उंदराला तो येत असणारच. पण वास कळणे वेगळे आणि विष कळणे वेगळे. वासावरूनच विष कळत असते, तर पहिल्या रात्रीही कोणी मेले नसते. घडते ते असे. जो उंदीर बिचकत थोडेसेच खातो तो मरत नाही, आजारी पडतो. हे विष काही तासांतच परिणाम करते. त्यामुळे खाल्लेल्या पदार्थाचा वास, चव आणि आजार यांची जोडी त्याच्या मेंदूत बसते. पुढे तो त्या वासाला शिवत नाही. नाक तेच, वीज तीच, अर्थ मात्र नवा शिकलेला. शिळे खाऊन एकदा उलट्या झाल्यावर त्या पदार्थाची आपल्याला वर्षभर शिसारी बसते, तसेच हे.

दुसरे उत्तर, मेलेल्यावरून बाकीचे शहाणे होतात. गेलेफ यांनी हेही तपासले. एखाद्या खाद्यानंतर आजारी पडलेल्या रॅटचे तोंड हुंगूनही दुसऱ्या रॅटने त्या खाद्याचा तिटकारा शिकला नाही. उलट त्या खाद्याकडे तो अधिक ओढला गेला! ‘हे खाल्ले जाते’ एवढाच संदेश श्वासातून जातो. ‘हे खाऊन मी आजारी पडलो’ हे सांगण्याची सोय त्यात नाही. शहाणपण येते ते स्वतः वाचलेल्याला.

हे प्रयोग प्रयोगशाळेतील रॅटवरचे आहेत, खाचरातील घुशीवरचे नव्हेत, हे लक्षात ठेवावे. पण यावरून कृषी खात्याच्या एका जुन्या सल्ल्याचे कारण कळते. विषारी आमिषाआधी दोन-तीन दिवस बिनविषारी, तेल लावलेला भरडाच ठेवावा, असा तो सल्ला. उंदीर बिचकेनासा झाला की विषाच्या रात्री पोटभर खातो. अर्धवट खाऊन वाचणारे, म्हणजेच शिकणारे, कमी राहतात. रक्त गोठू न देणारी विषे कित्येक दिवसांनी परिणाम करतात. त्यामुळे खाणे आणि आजार यांची जोडी उंदराला जुळवता येत नाही.

विद्युतअग्र काय सांगत नाही

पेशीने वर्दी दिली एवढेच विद्युतअग्र सांगते. प्राण्याला ती समजली का, हे त्याच्या वागण्यावरूनच कळते. म्हणून आज दोन्ही मार्ग एकत्र वापरतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, निक्सन अब्राहम यांच्या गटाने माऊसच्या गंधज्ञानावर काम केले आहे. एका वासाला नळी चाटली तर पाण्याचा थेंब मिळतो, दुसऱ्या वासाला मिळत नाही. तहानलेला माऊस थोड्याच दिवसांत फरक शिकतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रॅटना वास डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखायला शिकवले. एका हुंगण्यात रॅट ते ओळखत होते. घ्राणकंदातील पेशींच्या विद्युत नोंदींतही डाव्या-उजव्या बाजूचा फरक दिसला. डावी-उजवी नाकपुडी एकमेकींपासून काही मिलिमीटरच दूर असताना हे घडते, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

आपल्या देशात प्राण्यांवरील असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घेऊनच करता येतात. शाळेत ते करू नयेत. त्याची गरजही नाही, कारण उत्तम नाके वर्गात बसलेली असतात.

वर्गात करून पाहा

१. डोळे मिटून आणि नाक चिमटीत धरून विद्यार्थ्याला बडीशेप किंवा ओवा चघळायला द्या. काय आहे ते ओळखायला सांगा. मग नाक सोडायला सांगा. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो, हे तत्काळ पटेल.

२. लिंबाची साल दोन मिनिटे सतत हुंगायला सांगा. वास मंदावत जाईल. लगेच लवंग हुंगायला द्या. तिचा वास मात्र नीट येईल. पेशीत शिरलेले कॅल्शियम वाहिन्यांना मंद करते. मंदावतात त्या प्रामुख्याने लिंबाने जागवलेल्या पेशी, म्हणून लवंगेचा वास कायम राहतो.

३. हिंगाचे पाणी करा. त्याचा एक भाग आणि साधे पाणी नऊ भाग, असे पाच-सहा वेळा पातळ करीत जा. बाटल्यांवर फक्त खुणेचे आकडे घाला आणि तशाच दिसणाऱ्या दोन बाटल्यांत नुसते पाणी भरा. प्रत्येकाने कोणत्या बाटलीपर्यंत वास आला ते स्वतंत्रपणे लिहावे. नुसत्या पाण्यालाही वास आला असे किती जणांनी लिहिले, ते मोजायला विसरू नका. तीच आपली कोरी हवा.

शेवटी एक सूचना. झिंक फॉस्फाइडपासून पोटात फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर ठरावीक उतारा नाही. ज्या घरांतून मुले शाळेत येतात त्यांतल्या काहींच्या वळचणीला याची पुडी असू शकते. तिला मुलांनी हात लावू नये, हे सांगणे आपले काम आहे. शिवाय विष उंदरांत निवड करीत नाही. वेल्ह्याच्या हद्दीलगतच्या सिंहगडावर १९७५ मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी उंदराची एक नवी जात शोधली. तिचे नाव मिलार्डिया कोंडाना. जगात ती फार थोड्या जागी आढळते आणि तिचे अस्तित्व धोक्यात आहे. बांधावरची घूस कोणती आणि माळावरचा उंदीर कोणता, एवढे ओळखणारे विद्यार्थी या दोन तालुक्यांत तयार झाले, तर पिकाचेही भले होईल आणि त्या उंदराचेही.